नवं-जुनं

येळवशीच्या दिवशी शेतात फोन उचलू नये. डिसेंबर २०२२ मध्ये मी उचलला.

आमच्या लातूर भागात वेळ अमावस्येला गावात माणूस सापडत नाही. सगळं गाव शिवारात. कडब्याची खोप करायची, पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही हाताला धरून जेवायला न्यायचं. त्या दिवशी आमच्या खोपीपुढं पंधरा-वीस पानं बसली होती. त्यात थोरलीच्या सासरची माणसंही होती. मी आंबिलीचा तांब्या घेऊन वाढत होतो आणि खिशातला फोन वाजला.

पलीकडं एक बाई, हिंदीत बोलत होती. मला वाटलं विम्याचं असंल. तिनं माझ्या धाकट्या पोराचं नाव घेतलं. तुमच्या मुलानं कर्ज घेतलंय, मुदत टळून गेलीय, फोन उचलत नाही, तुम्ही कसले बाप आहात, असं सगळं एका दमात म्हणाली. मी फोन बंद केला आणि पुढच्या पानावर आंबील वाढली. हात थरथरला असणार, कारण ती सांडली.

अर्ध्या तासानं माझ्या व्याह्यांचा फोन वाजला. ते सतरंजीवर मांडी घालून बसलेले. थोडा वेळ ऐकलं, माझ्याकडं बघितलं, फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "राँग नंबर हाय." मग त्यांनी परत आंबील मागितली. पोट भरलेल्या माणसानं ती का मागितली हे मला कळलं. त्यांचं हे देणं माझ्याकडून फिटायचं नाही.

नंतर कळलं की कर्ज देणाऱ्या मोबाईल ॲपनं घेणाऱ्याच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलेलं होतं. नियम आला होता, त्या बाईपर्यंत तेवढा पोचला नव्हता.

पोरगं संक्रांतीला घरी आलं. तोंड उतरलेलं. आईनं त्याला काही विचारू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघं गोठ्याशेजारी बसलो. मी मागल्या सालचं कॅलेंडर उलटं केलं, पेन दिला आणि म्हणलो, "लिही. सगळं लिही. शरम नको धरू, मी बी लई वर्षं थकबाकीदार होतो."

तो २०२१ ला इंजिनिअर झाला. शिक्षणासाठी बँकेचं चार लाखांचं कर्ज, त्यात मी सहकर्जदार. शिकत असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नव्हता. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नसतं. साडेदहा टक्क्यांनी ते चार लाख तोवर साडेपाच झाले होते. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं तर असल्या शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला जोडून बँकेत अर्ज द्यावा लागतो, हे मला पोरगं पास झाल्यावर कळलं. बी-बियाण्याची माहिती आपण चार जणांना विचारून घेतो, कर्जाची घेत नाही. बँकेच्या दारात उभं राहिलं की आपल्याला फक्त एकच प्रश्न सुचतो, देताय का नाही.

नोकरी लागली. हातात बावीस हजार यायला लागले आणि पहिल्या वर्षी बँकेचा हप्ता नव्हता. माझ्या मते सगळी गोम त्या एका वर्षात आहे. त्या वर्षात पगार आपला वाटतो. तो आपला नसतो, फक्त मालक अजून मागायला आलेला नसतो. पुढं ऑगस्ट २०२२ पासून हप्ता सुरू झाला, महिना ७,४००. खोलीभाडं साडेपाच, मेस साडेतीन, जाणं-येणं दीड. वर उरले चार हजार शंभर. आणि तोवर साठ हजारांचं क्रेडिट कार्ड काठोकाठ भरलं होतं.

"कशात गेलं?" मी विचारलं.

त्यानं लिहिलं. फोन १९ हजार. खोलीचं डिपॉझिट १२ हजार. कपडे, हॉटेल, हाफिसातल्या पोरांबरोबरची वर्गणी असं ११ हजार. आणि खाली, जरा बारीक अक्षरात, मोटार १८ हजार.

ती मोटार माझ्या विहिरीवरची. २०२१ च्या दिवाळीत जुनी जळाली. हरभरा पाण्यावर आलेला, माझ्याकडं दमडी नव्हती. हा म्हणाला, "अण्णा, चला लातूरला." दुकानात त्यानं कार्ड पुढं केलं, मशीनमधून चिठ्ठी निघाली, मोटार टेम्पोत. मी वर्षभर पारावर सांगत होतो, पोरानं मोटार बसवून दिली. ती पोरानं नाही, कार्डाच्या कंपनीनं बसवून दिली होती, हे मला त्या रात्री कळलं.

मग आम्ही कार्डाचा हिशेब मांडला. कंपनी दर महिन्याला सांगते, सगळे भरायची गरज नाही, पाच टक्के भरा. साठ हजारांचे पाच टक्के तीन हजार. पोरगं इमानदारीनं भरत होतं. पण व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, ३७८. तीन हजारांतून २,४७८ हे गेले. मूळ कर्ज कमी झालं ५२२ रुपयांनी. तेवढ्यात त्यानं कुठं पाचशेचा चहा-नाश्ता केला की कर्ज जिथल्या तिथं. मी दहावी शिकलेला माणूस, हे गणित मला पाच मिनिटांत सुटलं. इंजिनिअरला सुटलं नव्हतं असं नाही, त्यानं मांडलंच नव्हतं. मांडलं की भ्या वाटतं.

बँकेचा हप्ता सुरू झाल्यावर कार्डाचे तीन हजार भरता येईनात, म्हणून त्यानं ॲपवरून आठ हजार घेतले. हातात आले ६,२००, बाकीचे फी म्हणून आधीच कापले. महिन्यानं फेडायचे आठ हजार. मी शेकडा काढला, एकोणतीस आला, तोही एका महिन्याचा. आमच्याकडचा सगळ्यात हावरट सावकार शेकडा दहानं द्यायचा आणि त्याला लोक मागं शिव्या द्यायचे. पहिल्या ॲपचे फेडायला दुसरं ॲप.

मी म्हणलो, "लेका, हे तर आमचंच नवं-जुनं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं असतं. आपल्याकडं पैसे नसतात. मग कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी व्याजानं आणायचे, सोसायटीत जुनं भरायचं, नवं उचलायचं, आणलेले परत करायचे. कागदावर माणूस वेळेत फेडणारा दिसतो. गटसचिव खूश, बँक खूश. कर्ज हाललेलं नसतं, फक्त साल बदलतं. मी तीस वर्षं नवं-जुनं केलं. माझ्या पोराला मी साडेचार एकरांतून काही दिलं असेल नसेल, ही विद्या दिली.

आमच्या आजोबांच्या तोंडी एक शब्द असायचा, दामदुप्पट. जुन्या हिंदू कायद्यातला नियम होता की व्याज कितीही साचलं तरी ते मुदलापेक्षा जास्त मागता येत नाही. शंभर दिले तर एका वेळी दोनशेच्या वर घेता यायचे नाहीत. सावकार त्यातून पळवाट काढायचा, व्याज मुदलात घालून नवा कागद करायचा. म्हणजे नवं-जुनंच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, तेव्हा सगळा रोख या कागदांवर होता. वह्या आणि खतं हुडकून जाळली. पुढं १८७९ मध्ये इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडं, त्यामुळं आमच्या वाट्याला ना तो दंगा आला ना तो कायदा. पण जाळायला कागद तरी होते. पोराच्या कर्जाचा कागदच नाही. फोन बंद केला तर कर्ज बंद होत नाही, उलट दुसऱ्याचा फोन वाजतो.

हे सगळं बोलून झालं आणि मला वाटलं आता मुद्द्यावर यावं. पण मुद्दा त्यानंच काढला.

तीन महिने पैसे न गेल्यामुळं कार्डाची बाकी सत्तर हजार झाली होती. कंपनीच्या वसुलीच्या माणसानं सांगितलं होतं, एकदम ३८ हजार भरा, सेटलमेंट करू, विषय संपला. पोराचा विचार तोच होता. कुणाकडून तरी ३८ हजार आणायचे आणि मोकळं व्हायचं.

मी म्हणलो, "घेतलेत तर फेडावेत. निम्म्यात सुटायचं हे बरं नाही."

तो गप्प बसला. मग अगदी हळू म्हणाला, "अण्णा, तुम्ही २००८ ला माफी घेतली की. २०१९ ला पण घेतली."

हे बोल मला वीस वर्षांत शेजाऱ्यानं लावले नाहीत, सरकारनं नाहीत, पोरानं लावले. आणि रागानं नाही, खरंच विचारायचं म्हणून.

माझ्याकडं तयार उत्तरं होती. आम्ही भाषणांत ऐकलेली. पाऊस आमच्या हातात नाही, भाव आमच्या हातात नाही, खताचा दर दुकानदार ठरवतो आणि सोयाबीनचा आडत्या. हे सगळं खरं आहे आणि मी आजही तेच म्हणीन. शेतकऱ्याचं कर्ज हे निम्मं धोरणाचं कर्ज असतं. पण पोरगं धोरणाबद्दल विचारत नव्हतं. ते माझ्याबद्दल विचारत होतं. म्हणून मी त्याला जे सांगितलं ते इथंही लिहितो.

२००८ च्या केंद्राच्या माफीत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकलेलं कर्ज सगळं माफ झालं. त्याच्या वरच्याला पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सूट. मार्च २००७ पर्यंत उचललेलं आणि डिसेंबर २००७ अखेर थकलेलं कर्ज त्यात बसत होतं. माझं साडेचार एकर. माझे व्याजासकट ३१ हजार एका यादीत नाव लागल्यावर गेले. शेजारी सहा एकरवाला, त्याचं शेत माझ्यापेक्षा हलकं, बरडाचं, त्याला पाऊण भाग भरावा लागला. आणि एका भावकीतल्या माणसानं बायकोची बोरमाळ मोडून वेळेत भरलं होतं, त्याला काहीच मिळालं नाही. तो त्या वर्षी पारावर यायचा बंद झाला. पुढच्या माफ्यांत नियमित फेडणाऱ्याला काही बक्षीस ठेवायला लागले, पण तोवर गावानं धडा घेतला होता, फेडणारा येडा असतो.

आता माझं. माझं कर्ज पावसानं थकलं नव्हतं. मार्च २००७ ला तुरीचे पैसे माझ्या घरात होते. वीस-एक हजार. मी ते सोसायटीत भरले नाहीत, थोरलीच्या लग्नाला ठेवले. मांडव मोठा घातला. सोसायटी काय, पुढच्या साली बघू. मग माफी आली आणि पुढचं साल बघायची वेळच आली नाही. आपल्याकडं पत, ऐपत आणि दानत असे तीन शब्द आहेत. माफी ऐपत नसलेल्यासाठी होती. माझी त्या वर्षी ऐपत होती, दानत कमी पडली. यादीत तसा रकाना नव्हता. २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्तीत आधार केंद्रावर दुसऱ्यांदा अंगठा लावला. त्या खेपेला मी खरंच बुडालेला होतो. पण पहिल्या खेपेपेक्षा लाज कमी वाटली, हेही खरं.

पोरगं ऐकत होतं. मी म्हणलो, "सोसायटीचं सांगून झालं. आता दुसरं एक ऐक."

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षाची, १९९५ ची गोष्ट. किल्लारीच्या पट्ट्याच्या जरा कडेला आमचं गाव. पडझड थोडी, भीती मोठी. माळवदाच्या घरात झोपायला कुणी धजत नव्हतं, ज्याला जमंल तो पत्रे आणत होता. आमच्या मागल्या आळीला एक मावशी राहायची, विधवा, आमच्याकडं खुरपायला यायची. तिनं पत्र्यांसाठी तीन हजार साठवले होते. मिरगाच्या तोंडावर मी सोसायटीत थकबाकीदार, दुकानात उधारी बंद. तिला मागितले. दिवाळीला देतो म्हणलो. तिनं डब्यातून काढून दिले, मोजलेही नाहीत. मूग-उडीद आला, हायब्रीड आली, दिवाळी आली, पैसे दुसरीकडं गेले. मी दिले १९९७ च्या उन्हाळ्यात. दोन पावसाळे ती कुडाच्या घरात, ठिबकतं तिथं भांडं ठेवून राहिली. या दोन वर्षांत ती आमच्या शेतात रोज यायची. एकदाही विचारलं नाही. मी पैसे दिले तेव्हा वर शंभर रुपये ठेवले, व्याज म्हणून. तिनं ते परत केले आणि म्हणाली, "असू दे दादा, पोरीला परकर घे."

तिचं कर्ज कुठल्या यादीत नव्हतं. त्याची माफी सरकार देऊ शकत नव्हतं आणि तिनं मागितली नसताना दिली, ती मला अजून पचलेली नाही. व्याज म्हणजे काय हे मला बँकेत नाही, तिच्या घरात ठेवलेल्या भांड्यांवरून कळलं.

मला वाटलं, आता पोराला उमजलं. त्यानं बराच वेळ बैलांकडं बघितलं. मग म्हणाला, "पण अण्णा, कंपनीचं छप्पर कुठं गळतंय?"

मी निरुत्तर झालो. साडेतीन टक्के घेणाऱ्याचं, पाच टक्क्यांची गोडी लावून पोरांना वर्षानुवर्षं खुंट्याला बांधणाऱ्याचं छप्पर गळत नाही. माझं पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत आज व्याज शून्य, आणि माझ्याच पोराला वर्षाला बेचाळीस. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांना. तरीपण मी म्हणलो, "२०१७ ला तुझ्या कर्जासाठी दोन बँकांनी आपल्याला दार दाखवलं, आठवतं? माझी सोसायटीची थकबाकी दिसत होती म्हणून. मी बुडवलं ते तुझ्या अंगावर गळलं. आणि आपल्या मराठवाड्यात जिल्हा बँका डबघाईला आल्या, त्या मोठ्यांनी जास्त आणि आपण थोड्या बुडवल्या. मागं रांगेत उभं असणाऱ्याला मिळालं नाही."

"म्हणजे तुमचंबी मीच सोसलं, आणि आता माझंबी मीच सोसायचं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चूक काढता आली नाही.

सकाळी तो उठला आणि म्हणाला, सेटलमेंट करत नाही. मला आतून बरं वाटलं. मावशीची गोष्ट लागू पडली म्हणायची. पण त्यानं कारण सांगितलं ते वेगळं. रात्री त्यानं मोबाईलवर वाचलं होतं की सेटलमेंट केली तर 'सेटल्ड' असा शिक्का काही वर्षं नावापुढं राहतो आणि सिबिल पडतो. ३०० ते ९०० मधला तो आकडा साडेसातशेच्या आसपास असला तर बँका दारात उभं करतात. "मला पुढं-मागं घर घ्यायचंय," तो म्हणाला. आमच्या काळात पत म्हणजे बापाचं नाव, गावातलं तोंड. आता ती एक आकडा आहे. जे माझ्या तोंडानं झालं नाही ते आकड्यानं केलं. मला थोडं वाईट वाटलं, पण मी ते दाखवलं नाही. आकडा पारावर बसून कुणाची बदनामी करत नाही, त्याला जात कळत नाही, बाप कुणाचा ते कळत नाही, हेही काही कमी नाही.

मग झटपट ठरवलं. ॲपांची मिळून चौदा हजार बाकी होती, ती आधी संपवायची, कारण आग तिथं होती. ते पैसे त्याच्या आईनं बचत गटातून काढले. शेकडा दोननं. पण ते व्याज वर्षाअखेर गटातल्या बायकांतच वाटलं जातं, त्यामुळं तिला ते व्याज वाटतच नाही. ते त्यानं एप्रिलमधल्या पगारवाढीतून फेडायचं. मोटारीचे १८ हजार माझे, असं मी म्हणलो. तो नको म्हणाला, मी ऐकलं नाही. त्यातले दहा हजार लगेच दिले, कार्डाचं मागचं थकलेलं भरलं. उरलेल्या साठ हजारांचे कंपनीकडून हप्ते पाडून घेतले, चोवीस महिने, वर्षाला अठरा टक्के. हप्ता किती आला? तीन हजार, वर थोडा जीएसटी. म्हणजे जे तीन हजार भरून कर्ज ५२२ रुपयांनी कमी होत होतं, त्याच तीन हजारांत ते दोन वर्षांत संपणार होतं. हे कंपनीनं आपणहून सांगितलं नाही. पोरानं चार वेळा फोन करून मागितलं तेव्हा मिळालं. कार्ड त्यानं कात्रीनं कापलं नाही, आईनं सांगितलं तरी. महिन्याला एकदा पेट्रोल भरतो आणि बिल आलं की सगळं चुकतं करतो.

जाताना त्यानं व्याह्यांच्या घरी जाऊन पाया पडल्या. काय बोलले दोघं, मला माहीत नाही. त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माझ्याकडं राहिले आठ हजार. हरभरा निघाला की मार्चमध्ये देतो म्हणलो होतो. हरभरा निघाला, पण त्याच आठवड्यात सोसायटीचं भरायचं होतं, शून्य टक्क्यांत बसायचं तर तारीख चुकवून चालत नाही. ते भरलं. मग पेरणी आली. आठ हजार मी जुलैमध्ये दिले. चार महिने उशिरा. तेवढ्या काळात तो दोनदा गावाला येऊन गेला, विहिरीवर जाऊन मोटार बघून आला. एकदाही विचारलं नाही.